दहाचा बोल्ट, पण आटे कुठले?

परवा हर्णैला काकांच्या होडीच्या इंजिनाचा एक बोल्ट बदलायचा होता, दुकानातून १० एमएमचा आणला, हाताने दोन फेरे गेला आणि अडकला. मी पाना उचलला तर काका ओरडले, थांब रे, आटे जातील! मग जुना नि नवा बोल्ट आट्यात आटे घालून उजेडात धरले तर मधे फट दिसली. १० एमएमच्या नेहमीच्या जाड आट्यांत पीच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांतलं अंतर, १.५ मिमी, बारीकमध्ये १.२५ पण मिळतो, बोल्टची जाडी तीच पण एकमेकांत बसत नाहीत.

बारीक आटे उथळ असतात, त्यामुळे आतला गाभा जाड राहतो, ताण थोडा जास्त सोसतो आणि इंजिनाच्या थरथरीने सहज सैल होत नाही. पण आपल्याकडची खारी हवा, त्यात वाळू नि गंज, बारीक आटे लगेच जाम होतात, तिरपे लागायची भीतीही जास्त. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत तर जाडच बरे, सोलून निघत नाहीत. इंजिनात मात्र मुळात जे असतील तेच घालायचे, ग्रीस लावून. आणि दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात हवाच.