पिशवीतला फोन आणि मागचे कर्णे

आमच्या रहस्यनाटकाचा डोलारा एका रिंगवर उभा आहे. हरवलेल्या मैत्रिणीला शोधणारे चार मित्र एका खोलीत जमलेत. वैतागून एक जण तिचा नंबर पुन्हा लावतो आणि इतका वेळ बंद लागणारा फोन तिथेच, खोलीत वाजतो. दोनदा वाजून मरतो. पात्रं गडबडतात, पण खिडकीखालच्या पिशवीतून आवाज आला हे प्रेक्षकाच्या कानाने टिपलेलं असायला हवं. तिसऱ्या अंकातला आरोप त्यावरच टिकतो.

खरा फोन इथे चालत नाही. जत्रेच्या गर्दीत नेटवर्क गुदमरतं, कॉल लागेपर्यंत नट एकमेकांची तोंडं बघत बसतात. ब्लूटूथ स्पीकरही नको. आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने उशिरा येतो आणि मंडपभर फोन असले की मध्येच तुटतो. आम्ही पिशवीत इन-इअरचा, म्हणजे गायक कानात लावतात त्या बिनतारी यंत्रणेचा, रिसीव्हर ठेवतो आणि त्याला वायरने तळहाताएवढा बॅटरीवरचा स्पीकर जोडतो. जाळी प्रेक्षकांकडे, वर एकच पातळ ओढणी. टॉवेल कोंबला की आवाजातली वरची, चिरकी पट्टी मरते, आणि एवढ्याशा रिंगची दिशा कान मुख्यतः त्या पट्टीवरून ओळखतो. शिवाय असले बरेच स्पीकर पंधरा-वीस मिनिटं शांतता मिळाली की आपोआप झोपतात. रिंग येते चाळिसाव्या मिनिटाला. म्हणून पडदा उघडल्यापासून त्यात ऐकू न येण्याइतका हलका सूर सोडून ठेवावा लागतो. गोव्यातल्या फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात हे सगळं चोख बसलं होतं.

मग फोंडा तालुक्यातल्याच एका देवळाच्या मंडपात प्रयोग लागला. पत्र्याचं छप्पर, रंगमंचाच्या कडेला जमिनीवरचे तीन माईक, वर दोन टांगते, पुढे स्पीकरचे दोन बॉक्स. दुपारी तपासलं, ठीक होतं. रात्री पालखी लांबली. ध्वनिक्षेपक एरवी रात्री १० लाच बंद, उत्सवाला १२ पर्यंतची सवलत वर्षाकाठी फार तर १५ दिवस, त्यामुळे समितीचं लक्ष घड्याळाकडे. घाईघाईत पडदा वर गेला. त्याच्या आधीच कंत्राटदाराने मागच्या खांबांवर दोन कर्णे चढवून सगळ्या माईकांचं तेच मिश्रण त्यांत सोडलं होतं. मध्यंतरात विचारलं तर म्हणाला, ‘‘फाटल्यांक आयकूंक येना.’’ मागच्यांना ऐकू येत नाही. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. मागे खुर्च्या टाकून लोक बोलावायचे आणि मग ऐकू येत नाही म्हणून ओरडायचं, ही समित्यांची जुनी खोड.

पण नाटकाचं जे व्हायचं ते झालं. पिशवीतली रिंग जमिनीवरच्या माईकने उचलली आणि ती खांबावरून वाजली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागच्या खांबाशी बसलेल्या माणसापासून पिशवी २२ मीटर, कर्णा ३ मीटर. पिशवीचा आवाज त्याला गाठायला ६५ मिलिसेकंद घेतो, कर्ण्याचा, पिशवीपासून माईकपर्यंतचा वेळ धरूनही, जेमतेम २० मध्ये पोचतो. कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो. अख्खा मागचा मंडप वळून बाहेरच्या खाजे-लाडवांच्या दुकानांकडे बघायला लागला. पुढच्या रांगांनी ते बघितलं आणि त्याही वळल्या. रंगमंचावर चार नट थिजलेले, आणि त्यांच्याकडे बघायला कोणी नाही.

उपाय साधा होता. कर्ण्यांचा आवाज ६० मिलिसेकंद उशिरा सोडायचा, म्हणजे पिशवीचा आवाज आधी पोचतो, आणि तो पिशवीच्या आवाजापेक्षा फार मोठा ठेवायचा नाही, नाहीतर उशिरा सोडूनही दिशा कर्ण्यांचीच राहते. किंवा रिंगच्या आठ सेकंदांत सगळे माईक खाली घ्यायचे; तेवढ्या वेळात संवाद नाहीतच. हे हातांत असतं तर दोन बोटांचं काम. पण मंडपातला मिक्सर कंत्राटदाराचा, तो खुर्च्यांच्या पलीकडे, आणि पहिल्या अंकात तो माणूस मिक्सरपाशी नव्हताच.

अडचण पुढेच आहे. प्रयोग लोकांना भयंकर आवडला. हरवलेली मैत्रीण बाहेरच कुठेतरी फिरतेय असं वाटून मागच्या बायका एकमेकींना चिकटल्या होत्या म्हणे. आता दिग्दर्शकाला प्रत्येक मंडपात मागचे कर्णे हवेत, मुद्दाम. माझं म्हणणं असं की तिसऱ्या अंकात ‘‘फोन तुझ्या पिशवीत वाजला’’ हे वाक्य ठेवायचं असेल तर रिंग पिशवीतूनच आली पाहिजे, नाहीतर प्रेक्षकांची ती सरळ फसवणूक आहे. तो म्हणतो, कुणी तक्रार केली का? नाही केली. अजून तरी ते वाक्यही संहितेत आहे आणि कर्णेही यादीत आहेत. दोन्हींपैकी काय जायचं यावर वाद चालू आहे, आणि पुढचा मंडप म्हार्दोळकडचा, तिथे खांब आणखी मागे आहेत.