बाहेर उणे वीस, पण थंडी वाजते ती ग्वाल्हेरला

जानेवारी लागला की ग्वाल्हेरहून फोनवर ठरलेला प्रश्न येतो, "एवढ्या थंडीत राहता तरी कसे रे?" खरं उत्तर कुणाला पटत नाही. कॅनडात, ओटावाला बाहेर उणे वीस असताना मी घरात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरतो. जनकगंजच्या आमच्या घरी मात्र स्वेटर, मफलर, वरून रजाई, आणि तरी नाक गारच. तिथे पहाटे पारा पाच-सहावर येतो, आणि घरातली हवा बाहेरच्यापेक्षा फारशी वेगळी नसते. धुकं धरलं आणि दिवसभर ऊन पडलं नाही, की विचारायलाच नको.

बाबा इथे आले होते तेव्हा त्यांनी बैठकीच्या भिंतीवर टकटक करून पाहिलं. पोकळ आवाज आला. "ही भिंत आहे की खोकं?" लाकडी चौकट, आतून जिप्सम बोर्ड, बाहेरून पातळ आवरण आणि मधल्या साडेपाच इंचांत ग्लासवूल. आमची तिकडची भिंत दगडी, चांगली हातभर जाड. पण दगडातून उष्णता सहज निघून जाते. एक इंच ग्लासवूल जेवढी अडवतं, तेवढी अडवायला चाळीस-पन्नास इंच दगड लागेल. ग्लासवूल म्हणजे तरी काय, तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा. जाड दगड कामाला येतो तो मे महिन्यात, कारण तापायला वेळ घेतो. हिवाळ्यात तोच गुण अंगाशी येतो. एकदा गारठला की तासभर लावलेल्या हीटरला तो दाद देत नाही.

अर्थात भिंत नंतरची, आधी हवा. इथे घराची तपासणी करायला माणूस येतो. पुढच्या दारात कापडी चौकट बसवतो, तिच्यात मोठा पंखा, आणि घरातली हवा बाहेर ओढून दाब ५० पास्कलने कमी करतो. मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. आमच्याकडे खिडक्या निर्दोष निघाल्या. गार झोत येत होता बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डातून आणि पोटमाळ्याच्या झडपेच्या कडेने. गरम हवा वर चढते, वरच्या फटीतून निसटते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. म्हणून वरची फट खालच्या खोलीलाही गार करते. झडपेला फोमची पट्टी आणि स्विचबोर्डांमागे पातळ गॅस्केट, एवढ्यावर बराच फरक पडला.

ग्वाल्हेरला पंखा आणि चौकट कशाला हवी? वारा सुटलेल्या रात्री उदबत्ती पेटवून दाराच्या उंबऱ्याशी, खिडकीच्या चौकटीशी, रोशनदानाखाली (भिंतीत वर असलेल्या झरोक्याखाली) धरा. धूर जिथे वाकडा होतो तिथे फट. आईने हे केलं, तर मागच्या अंगणाच्या दाराखालून धूर आडवाच झाला. त्या दाराला आता रबरी पट्टी आहे. खोलीतलं रोशनदान थंडीपुरतं काच लावून बंद करता येतं. खिडकीला जमिनीपर्यंत जाड पडदा, फरशीवर सतरंजी. दुपारी ऊन असेल तेव्हा पडदे सताड उघडे, ऊन कललं की बंद. दोन हजार वॉटचा ब्लोअर तासाला दोन युनिट खातो. त्याची ऊब दाराखालून अंगणात जाणार असेल, तर तो लावून उपयोग काय?

फक्त एक गोष्ट हात जोडून सांगतो. फटी बुजवलेल्या खोलीत सिगडी पेटवायची नाही, पेटवून झोपायचं तर मुळीच नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आजवर आपल्या घरांना वाचवलं ते याच गळक्या रोशनदानांनी. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथलाही झरोका उघडाच हवा. इथे घरोघरी या वायूचा अलार्म असतो. तसा मी जनकगंजलाही नेऊन लावला आहे. बाबा त्याला 'कॅनडाचा चौकीदार' म्हणतात.

राहिलं छत. इथे पोटमाळ्यावर फूट-दीड फूट ग्लासवूल पसरलेलं असतं, भिंतीपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या जनकगंजच्या घरावर दगडी पटिया (लांब फरश्या) आणि वर चुन्याचा थर, बाकी काही नाही. निव्वळ हिवाळ्यासाठी तिथे पैसे घाला असं मी कुणाला सांगणार नाही. कडाका असतो पाच-सहा आठवडे. पण गच्चीवर फोमची शीट, वर सिमेंट आणि पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर मे-जूनच्या पंचेचाळीसमध्ये खालची खोली निवते आणि जानेवारीत उबही टिकते. बाबांची शंका वेगळी आहे. त्यांना पावसाची धास्ती, की शीटखाली पाणी शिरलं तर गळती कुठून ते कळणार कसं? शंका रास्त आहे. म्हणून आधी गच्चीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग, मग शीट, असं ठरलं आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या पटियांच्या छतावर कुणी हे करून घेतलं असेल, तर दोन पावसाळ्यांनंतर खालून ओल दिसली का, तेवढं कळवा.