प्रोजेक्टर तर लागला, पण एक्स्टेंड काही होईना

आमची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत, दोन शिक्षक. गावाने लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेऊन दिला, छताला बसला, दहा मीटरची व्हीजीए केबल (स्क्रीनपर्यंत चित्र नेणारी जुनी वायर) पट्टीतून फिरवून टेबलापर्यंत आली, सगळं एका दिवसात. कॉम्प्युटर मात्र जुनाच, विंडोज सेव्हनवाला, कारण तोवर वर्गणी संपली होती.

मला हवं होतं इतकंच की पोरांना पडद्यावर प्रश्न दिसावा आणि माझ्या मॉनिटरवर उत्तरं. दोन्हीकडे तेच दिसलं तर मी फाइल उघडेपर्यंत पुढच्या रांगेतला एखादा उत्तर वाचून मोकळा. म्हणजे डुप्लिकेट नको, एक्स्टेंड पाहिजे.

कॉम्प्युटरच्या मागे ते निळं व्हीजीए पोर्ट एकच. तालुक्याच्या दुकानात सांगितलं दोन स्क्रीन जोडायच्यात, त्याने दुसरा प्रश्न न विचारता वाय आकाराचा स्प्लिटर काढून दिला, अडीचशे रुपये. घरी आल्यासारखा आनंद झाला मला, कारण लावल्या लावल्या मॉनिटर पण चालू आणि पडदा पण चालू. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग विंडोजचं बटण आणि पी दाबलं, चार पर्याय आले, एक्स्टेंड निवडलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून स्क्रीन रिझोल्यूशन उघडलं तर तिथे एकच चौकोन, त्यात १ लिहिलेलं. डिटेक्ट दाबलं, तरी एकच. आता समोर भिंतीवर चित्र दिसतंय आणि हा मशीन म्हणतोय दुसरा पडदाच नाही, डोकं फिरतं की नाही सांगा. दुकानात फोन केला तर, "मॅडम, रिस्टार्ट करा." केलं. "मॅडम, ड्रायव्हर टाका." म्हणजे स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर बसून ड्रायव्हर काढला, परत टाकला, दीड वाजला, डबा तसाच. पुढच्या शनिवारी केबलची टोकं उलटसुलट केली, मॉनिटरची प्रोजेक्टरला आणि प्रोजेक्टरची मॉनिटरला, जणू काही त्याने फरक पडणार होता. त्यात मॉनिटर १३६६ बाय ७६८ आणि प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८, सिग्नल एकच, म्हणून दोघांना जमेल तेच ठेवावं लागायचं आणि माझ्या मॉनिटरवरची अक्षरं आडवी फुगलेली. तिसऱ्यांदा फोन केला तर, "मॅडम, प्रोजेक्टरच चेक करून घ्या." म्हणजे गावाच्या पैशाच्या वस्तूवरच खापर! त्या दिवशी मी खरंच चिडले होते.

शेवटी आमचाच एक जुना विद्यार्थी, आता आयटीआयला आहे, सहज शाळेत डोकावला. त्याने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ टेबलाखाली शिरला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि आतूनच हसला. "बाई, हा एका नळाला दोन पाइप लावलेत. पाणी तेच येणार ना." म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने एकच मॉनिटर लागलेला, स्प्लिटर नुसती त्याची नक्कल पुढे पाठवतो. एक्स्टेंडला कॉम्प्युटरमधून दोन वेगवेगळे सिग्नल निघायला हवेत, म्हणजे दोन पोर्ट. दोन शनिवार माझे, आणि उत्तर टेबलाखाली.

पुढचं पटकन झालं. सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, स्वतःचे स्क्रीन पोर्ट असलेलं सर्किट, त्यात व्हीजीए आणि डीव्हीआय (स्क्रीनचंच दुसऱ्या प्रकारचं पोर्ट) दोन्ही असलेलं. कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेटची रुंदी बघा, बारक्या कॅबिनेटला कार्डाची बुटकी धातूची पट्टी लागते, आम्हाला एकदा बदलून आणावं लागलं. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटर जुन्याच निळ्या पोर्टला ठेवला तर स्क्रीन काळी, आमच्या मशीनमध्ये कार्ड लागलं की जुनं पोर्ट आपोआप बंद होतं, मी तर कार्डच जळलं समजले. दोन्ही वायरी कार्डालाच लावायच्या. मॉनिटरला फक्त व्हीजीए होतं म्हणून तो डीव्हीआयवर कनेक्टर लावून जोडला. इथे एक बघायचं, डीव्हीआयच्या त्या लांबट फटीच्या वर-खाली दोन-दोन मिळून चार बारीक भोकं असतील तरच हा साधा कनेक्टर बसतो. नसतील तर तिथून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही, जोर लावू नका.

विंडोज आणि पी, एक्स्टेंड, आणि पडद्यावर नुसता वॉलपेपर, आयकॉन एकही नाही! पोरं म्हणाली, "बाई, बिघडलं." मी म्हटलं, अरे हेच तर पाहिजे होतं.

हो, पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शोच्या टॅबमध्ये प्रेझेंटर व्ह्यूवर (नोट्स फक्त आपल्या मॉनिटरवर दाखवणारा पर्याय) टिक करा आणि शो कुठल्या मॉनिटरवर ते निवडा, नाहीतर उत्तरं पडद्यावर आणि प्रश्न तुमच्याकडे. एखादी खिडकी दिसेनाशी झाली तर ती पडद्याच्या बाजूला उघडलेली असते, प्रोजेक्टर बंद असला की शोधून सापडत नाही, तेव्हा विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाचं बटण एकदम दाबलं की परत येते. व्हीजीएतून आवाज जात नाही, कवितेसाठी स्पीकर वेगळा लावा. केबलचे दोन्ही स्क्रू पिळा, आमच्याकडे कोणाचा तरी पाय लागून पडदा एकदम गुलाबी झाला होता आणि पोरांना तोच जास्त आवडला.

स्प्लिटर अजून कपाटात आहे. दुकानदार परत घेत नाही, म्हणतो, "मॅडम, चालू आहे ना तो." चालू आहे हो, त्यानेच तर दोन शनिवार घालवले.