रिले वाजत नव्हता, कारण रिले बरोबर होता

जुन्या बाजारातून मी रिकाम्या हाताने परत येत नाही हे आईला आता पाठ झालंय. मागच्या महिन्यात रविवारी पुण्यात मंगळवार पेठेत एका ताडपत्रीवर मिक्सरच्या भांड्यांशेजारी एक जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प दिसला, म्हणजे आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा, ऐंशीच्या दशकातला, पुढे जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, व्हॉल्यूमचा नॉब जड आणि एकसारखा फिरणारा. उचलून बघितला तर चांगला नऊ-दहा किलोचा, म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर कोणी तांब्यासाठी काढून विकलेला नाही. विकणारे काका म्हणाले, "साहेब, लाईट लागते, आवाज येत नाही, रिलेचं काम आहे फक्त." रिले म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, तो स्पीकर जोडतो आणि तोडतो. 4,500 सांगितले, 2,800 ला दिला.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघितला. बाहेरून आलेल्या सेटवर तो 120 वर राहिलेला असू शकतो आणि आपल्या 230 ला तसाच लावला तर खेळ खलास. माझा 240 वर होता. तरी थेट प्लगला लावला नाही, सिरीज बोर्डवर लावला, म्हणजे लाईनमध्ये 100 वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पेटलेलाच राहतो, अ‍ॅम्प वाचतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही, म्हणून ते जुने पिवळे बल्ब मी फेकत नाही, कोणी फेकत असेल तर मागून घेतो.

बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे मोठा शॉर्ट नाही. पण चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी रिलेचा जो टक् असा आवाज यायला हवा, तो काही येईना.

आता इथे बरेच लोक चुकतात आणि मला ते मनापासून खटकतं. रिले लागत नाही म्हणजे रिले गेला असं धरून नवीन टाकतात, नाहीतर दुकानात सरळ सांगतात की दोन पाय शॉर्ट करून टाका, मलाही एकाने हेच सांगितलं. अहो पण तो रिले तिथे बसवलाय कशासाठी, आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज आली तर स्पीकरचं कनेक्शन तोडायला. मी मल्टीमीटर रिलेच्या आधीच्या टोकाला लावला, उजव्या चॅनेलला 18 मिलिव्होल्ट, आणि डाव्याला 38 व्होल्ट! 38 चा वर्ग भागिले 8 ओम, म्हणजे 180 वॅट, तेही सतत, एकाच दिशेने. रिले शॉर्ट केला असता तर स्पीकरची कॉइल काही सेकंदांत जळाली असती. रिले त्याचं काम चोख करत होता.

पहिला संशय आउटपुट ट्रान्झिस्टरवर. बंद करून आधी वीज साठवणारे मोठे कंडेन्सर रिकामे केले, 100 ओमचा 10 वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर वायरला लावून, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. त्यांच्यात 40 व्होल्ट बसलेले असतात आणि प्लग काढला तरी ते तिथेच असतात, हे कृपा करून लक्षात ठेवा. मग मीटरच्या डायोड मोडवर ट्रान्झिस्टर तपासले, चारही ठणठणीत, 0.5-0.6 व्होल्टच्या आसपास. बल्ब मंद झाला होता तेव्हाच हे खरं तर कळलं होतं, पण खात्री केलेली बरी.

सर्किट डायग्राम मिळाला नाही. पण स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये त्याची तेवढी गरज पडत नाही, कारण डावा आणि उजवा चॅनेल म्हणजे जुळी भावंडं, एक आजारी असलं तरी दुसरं शेजारीच धडधाकट उभं असतं. मी सगळं बंद असताना ओमवर मीटर ठेवून एक जागा उजवीकडे मोजायची, तीच जागा डावीकडे मोजायची, वहीत दोन रकाने, असं सुरू केलं. दोन संध्याकाळी गेल्या यात. पंधरा-वीस जागा तंतोतंत जुळल्या, आणि मग आउटपुट आणि इनपुटच्या ट्रान्झिस्टर जोडीच्या मध्ये उजवीकडे साधारण 31 के, म्हणजे 31 हजार ओम, डावीकडे आकडा नुसता वर वर चढत राहिला, थांबेचना.

टॉर्च मारून बघितलं तर तिथे एका कंडेन्सरच्या बुडाशी गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर. हा कारखान्यातला गोंद. मोठे पार्ट हलू नयेत म्हणून लावायचे, नवा असताना फिकट पिवळा असतो, पण वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तपकिरी होतो, हवेतला ओलावा ओढतो, मग त्यातून थोडी वीजही वाहायला लागते आणि शेजारच्या पार्टचे तांब्याचे पाय तो हळूहळू खातो. बांबूच्या काडीने हळू खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, तर खालून एक रेझिस्टर निघाला, तीन नारंगी पट्टे आणि एक सोनेरी, म्हणजे 33 के. एका पायाच्या जागी नुसती हिरवी भुकटी. काडी लागली आणि तो कलंडला.

हा फीडबॅकचा रेझिस्टर. आउटपुटचा थोडा भाग याच्यातून मागे जातो आणि त्यावरूनच अ‍ॅम्पला कळतं की आपण शून्यावर आहोत की भरकटलोय. पायच तुटल्यावर त्याला कळणार कसं, तो जाऊन एका टोकाला चिकटला, म्हणून 38 व्होल्ट.

तापकीर गल्लीतून 33 के मेटल फिल्म आणले, रुपया-दोन रुपयाचा पार्ट. दोन्ही चॅनेलचे बदलले, जोडी जोडीने बदललेली बरी, आणि बाकी जिथे जिथे तो गोंद दिसला तिथून काढला. परत सिरीज बोर्ड, मीटर डाव्या चॅनेलवर, 14 मिलिव्होल्ट. आणि मग... टक्. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय तुटलं रे?" म्हटलं तुटलं नाही गं आई, जोडलं गेलं.

बल्ब काढून थेट लाईनवर लावला, तासभर हीटसिंकवर हात ठेवून ठेवून बघितलं, कोमट, दोन्हीकडे सारखा. आधी पडीक स्पीकरवर वाजवला, मग चांगले जोडले. बाबांची एक जुनी शास्त्रीय गाण्याची कॅसेट आहे, तिच्यात गाणं सुरू व्हायच्या आधी मिनिटभर नुसता तानपुरा चालतो. दोन तानपुरे, एक डावीकडे, एक उजवीकडे. इतकी वर्षं टू-इन-वनवर ती कॅसेट ऐकली पण दोन आहेत हे मला कधी कळलंच नव्हतं. आई येऊन बसली, हातातली भाजी तशीच हातात.

सिलेक्टर टेपवरून ऑक्सवर नेताना अजून खरखर येते, त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचाय, या रविवारी.