सासूबाईंचं मत

आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं, बंदसाठी आडवी बाटली, चालूसाठी उभी, आणि आम्ही आडवीवाल्या 37 मतांनी हरलो. निकालानंतर दुकानासमोर फटाके वाजले, ते अजून कानात आहेत.

हरलो म्हणजे उभ्या बाटलीला जास्त मतं पडली असं नाही. तिला मतं कमीच होती. मेख 2008 च्या शासन आदेशात आहे. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. 1000 बायका यादीत असतील तर 501. जी आलीच नाही, ती आपोआप उभीच्या पारड्यात. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, निम्मं मुंबईत. सुना तिकडं, नावं इकडच्या यादीत. यात्रेला येतात, बाटलीसाठी कोण येतंय?

मतदान मागायला सह्या लागतात, ते काम सोपं गेलं होतं. यादीतल्या 25 टक्के बायकांच्या लागतात, बचत गटांच्या बैठकांतच झाल्या. (पडताळणीच्या साहेबांसमोर एकीनं घाबरून स्वतःचं सोडून नवऱ्याचंच नाव सांगितलं, ते वेगळं.)

हरल्यावर आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग आम्ही चौघीजणी मतदार यादी आणि लाल पेन घेऊन समाजमंदिरात बसलो. एकेक नाव वाचायचं. "ही वारली." "ही कळंबोलीला." "ही नांदायला गेली, तिची पोरं कॉलेजात आहेत आता." तिसऱ्या पानावर माझ्या सासूबाई निघाल्या. जाऊन सहा वर्षं झाली. सासऱ्यांच्या दारूपायी जिनं डोरलं गहाण टाकलं, ती यादीत बसून दुकान राखत होती. चूक माझीच. मृत्यूचा दाखला ट्रंकेत ठेवला होता, नाव कमी करायला नमुना 7 भरावा लागतो हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भरला. हात जड झाला.

पण एका गावाची यादी साफ करून भागत नाही, नियमच बदलायला हवा. कुणी म्हणालं पूर्ण दारूबंदी मागू. मी अडून बसले की मागणी एकच करायची: झालेल्या मतदानावर निकाल द्या. दोन मागण्या नेल्या की पुढारी सोपी तेवढी उचलतात. शेजारच्या गावांतल्या गटांना ठरावाचा एकच मसुदा दिला, 15 ऑगस्टच्या आधीच्या महिला ग्रामसभेत मांडायला. सोबत ज्या त्या गावाची मोजणी: यादीत किती, मयत किती, मुंबईला किती. आमचे ग्रामसेवक म्हणाले, "वहिनी, हे ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही." म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही लिहा, अखत्यारी वरचे बघतील."

अकरा ठराव जमले. एका गावात सरपंचांच्या मेव्हण्याचंच दुकान, तिथून काही येणार नाही.

गेल्या सोमवारी आमदारांच्या ऑफिसात गठ्ठा दिला. तिथला पोरगा म्हणाला, "पोच कशाला काकी, साहेबांना सांगतो की मी." शिक्का सापडायला पाऊण तास लागला. आम्ही बसून राहिलो.