‘बनगरवाडी’चे मेज : कागदकाम पूर्ण, रेझिन बाकी

‘बनगरवाडी’ या कादंबरीवरचे कागदी कोलाज मी एका जुन्या सागवानी मेजावर करतो आहे. मागच्या नोंदीत त्या मेजाला १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून झाल्याचे लिहिले होते. या पंधरवड्यात ६० सेंमी रुंद आणि ९० सेंमी लांब अशा त्या फळीवर कोलाज चढले, मात्र पहिला थर पूर्ण खरवडून काढावा लागला.

कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची. मेंढ्या, काठीवर रेललेला धनगर, शाळेची पाटी अशी चित्रे कापून चिकटवण्याचा मोह मी टाळला, कारण अशा चित्रांवरून कादंबरी ओळखता आली तरी ती वाचताना मनात जे दाटून येते ते त्यांत उतरत नाही. तरुण मास्तर माणदेशातल्या त्या वाडीत एकटा चालत येतो, शाळा भरू लागते, गाव मिळून तालीम उभारते आणि अखेरीस दुष्काळात माणसे जगायला बाहेर पडून वाडी ओस पडते. हे भरत जाणे आणि रिते होणे मला फळीवर हवे होते. म्हणून डाव्या कडेला कागद विरळ, मध्यभागी एकावर एक दाट आणि उजवीकडे पुन्हा विरळ होत शेवटी उघडे लाकूड, अशी मांडणी केली आहे.

घोंगडीचे रंग हातकागदावर आणले. तपकिरीसाठी कागद काताच्या पाण्यात बुडवले. काळ्यासाठी हिरडा आणि गंजलेले खिळे यांची शाई सहज करता आली असती, पण ती कालांतराने कागद खाते, म्हणून काजळीची शाई घेतली. दुरेघी वहीतली मुळाक्षरे लेझर प्रिंटरवर छापली, कारण इंकजेटची शाई पाणी लागताच पसरते.

पहिला थर बिघडला तो माझ्या घाईमुळे. कोरडा कागद थेट खळ लावलेल्या फळीवर ठेवला. ओल लागल्यावर तो फुगला आणि रात्रीतून सगळीकडे सुरकुत्या उठल्या. दुसऱ्या वेळी प्रत्येक तुकडा आधी ओल्या फडक्यात भिजू दिला, पाणी टिपले आणि मधून कडेकडे बोटाने दाबत नेला. मैद्याच्या खळीऐवजी पाणी घातलेले फेविकॉल वापरले. आता एकही फुगवटा नाही.

या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र चाचणीच्या तुकड्यावर सापडली. कागदावर फेविकॉलचे दोन हात न देता रेझिन (ओतल्यावर कडक होणारे पारदर्शक द्रव्य) ओतले, तर ते कागदात मुरते, कागद तेलकट पारदर्शक होतो आणि खालचे सागाचे रेषे वर दिसू लागतात. एरवी हा दोषच मानला जाईल. उजव्या टोकाकडचे पातळ कागद मी मुद्दाम तसेच सोडणार आहे. तिथे अक्षरे लाकडात विरत जातील. बाकी सगळ्या भागावर दोन हात देऊन झाले आहेत.

दोन मिलिमीटर थरासाठी हिशेबाने १.०८ लीटर रेझिन लागेल. हवेतला दमटपणा कमी झाला की फळी पाणपातळीने समतल करून ओतायला घेईन. मास्तरच्या पायवाटेसाठी लावलेली काताच्या रंगाच्या कागदाची पट्टी डाव्या कडेपासून, शेवटी उघड्या लाकडावरून, उजव्या कडेपर्यंत तिरपी जाते. तिची दोन्ही टोके कडेवरून खाली वळवावीत की वरच थांबवावीत, हे तेवढे ठरायचे आहे.