पावसाळ्यात टर्बाइन कधी थांबवायचं?

सेकंदाला १० घनमीटर पाणी घेणारं एक डोंगरी जलविद्युत केंद्र धरा. पाण्यात गाळ ३,००० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३ ग्रॅम. बाटलीत घेतलं तर पाणी नुसतं गढूळ दिसेल. हिशोब केला की सेकंदाला ३० किलो आणि दिवसाला जवळजवळ २,६०० टन गाळ यंत्रातून जातो.

त्यातली माती फारसं बिघडवत नाही. घात करते ती गारगोटीची वाळू. हिमालयातल्या नद्यांच्या गाळात तिचं प्रमाण मोठं असतं आणि ती टर्बाइनच्या पोलादापेक्षा कठीण असते. त्यात वेग. ४०० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याची धार पेल्टन प्रकारच्या टर्बाइनच्या नोझलमधून सेकंदाला सुमारे ८८ मीटर वेगाने सुटते. झीज साधारण वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे उंची दुप्पट झाली की झीज पावणेतीन पट होते.

म्हणून पाणी बोगद्यात सोडण्याआधी गाळ बसवण्याच्या टाक्या बांधतात. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण २ सेंटिमीटर खाली जातो. टाकी ५ मीटर खोल असेल तर त्याला तळाशी पोचायला २५० सेकंद लागतात. पाणी सेकंदाला पाव मीटर पुढे सरकत असेल तर एवढ्यासाठीच ६०-६५ मीटर लांबी हवी; वर खळबळीसाठी आणखी. बर्फाचं थंड पाणी अधिक चिकट, त्यात कण आणखी सावकाश बसतो. सतलजवरच्या १,५०० मेगावॉटच्या नाथपा-झाकरी केंद्रात जमिनीखाली ५२५ मीटर लांबीच्या चार टाक्या आहेत. तरीही बारीक कण पुढे जातातच, म्हणून टर्बाइनच्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप देतात. हा लेप फवाऱ्याने बसतो. फ्रान्सिस या दुसऱ्या प्रकारच्या टर्बाइनमध्ये रनरच्या, म्हणजे फिरणाऱ्या चाकाच्या, अरुंद वाटांत फवारा नीट पोचत नाही आणि झीज नेमकी तिथेच सुरू होते.

गाळ किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नये. टाकीच्या पुढे, पाणी नीट मिसळलेल्या जागी एक लिटर नमुना घ्यावा. आधी वजन केलेल्या गाळणकागदातून तो गाळावा, कागद १०५ अंशांवर वाळवावा आणि पुन्हा वजन करावं. पूर चढताना तासातासाला नमुना हवा. ढगफुटी झाली तर तासाभरातही आकडा कितीतरी पट होतो. हिमनदीच्या पाण्यावरची केंद्रं असतील तर दुपारनंतरच्या नमुन्यांकडे जास्त लक्ष द्यावं, कारण बर्फ वितळण्याचा जोर तेव्हाच येतो.

यंत्रात पहिली तक्रार बहुधा रनरची नसते. कूलिंग वॉटरचे स्ट्रेनर, म्हणजे गाळण्या, चोंदतात आणि बेअरिंगचं तापमान चढतं. मग फिरत्या दांड्याभोवतीच्या शाफ्ट सीलमधून गळती वाढते. फ्रान्सिसमध्ये गाइड वेन (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) आणि कव्हर यांच्यातली फट रुंदावते. ती पुरेशी वाढली की गाइड वेन बंद असतानाही पाणी झिरपतं आणि थांबवलेलं यंत्र हळूहळू फिरत राहतं. पेल्टनमध्ये नोझलचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या नीडलचं टोक खरवडलं की धार फिसकटते. बकेटची, म्हणजे चाकावरच्या वाटीची, मधली कड बोथट झाली की पाणी नीट दुभागत नाही आणि तेवढ्याच पाण्यात वीज कमी मिळते. मेगावॉट घसरले की ऑपरेटर नीडल आणखी उघडतो. त्याने आकडा सावरतो, पण झीज वाढतच राहते.

थांबायची मर्यादा प्रत्येक केंद्राची वेगळी असते, आणि ती पूर येण्याआधीच लिहून ठेवलेली असावी. ऐन पुरात विजेची मागणी समोर असताना घेतलेला निर्णय हमखास उशिरा होतो. दोन दिवसांची बुडालेली वीज मोठी वाटते. रनर काढून, वेल्डिंग करून, घासून, बॅलन्स करून परत बसवायला मात्र आठवडे जातात.

थांबायचं ठरलं की आधी मशीनवरचा भार उतरवावा आणि पाणी आत घेणारे इनटेकचे गेट बंद करावेत. मग भोंगा वाजवून, नदीपात्रात कुणी नाही याची खात्री करूनच धरणाचे खालचे दरवाजे उघडावेत. पाण्याची पातळी उतरली की नदीचा वेग वाढतो आणि साचलेला गाळ वाहून जातो.

पुन्हा सुरू करताना टाकीतला गाळ बाहेर सोडणारे फ्लशिंग गेट पूर्ण उघडे ठेवावेत, स्ट्रेनर धुवावेत आणि सलग दोन नमुने मर्यादेखाली आल्यावरच पाणी घ्यावं. सुरुवातीला एकच मशीन चालवावं, तेही पूर्ण भाराजवळ. दोन मशीन अर्ध्या भारावर चालवली तर अर्धवट उघड्या गाइड वेनमधून पाणी जास्त वेगाने घुसतं आणि तिथलं पोलाद सगळ्यात आधी जातं.